५५ हजारांत गेमिंग पीसी: दुकानदाराचं कोटेशन तपासून हवंय

कोयनाकाठ (धागाकर्ता) · २ मार्च २०२४

बजेट ५५ हजार, फक्त टॉवरसाठी. मॉनिटर (२४ इंची, १०८०पी, ७५ हर्ट्झ), कीबोर्ड, माउस आहेत. गेम: व्हॅलोरंट, जीटीए ५, सायबरपंक २०७७. अधूनमधून थोडं ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर). गाव साताऱ्याच्या पुढे, संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० पर्यंत उतरतं. घरात इन्व्हर्टर आहे. दुकानातून हे कोटेशन मिळालंय:

सीपीयू कोअर आय५-१२४००: १५,५००
एच६१० मदरबोर्ड: ७,०००
८ जीबी डीडीआर४ रॅम, एक स्टिक: २,२००
५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी: ३,६००
ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०, ४ जीबी: १३,५००
आरजीबी कॅबिनेट, सहा पंखे: ६,५००
५०० वॅट एसएमपीएस (वीज पुरवठा): २,२००
असेंब्ली आणि विंडोज: ३,५००
एकूण ५४,०००

घ्यावं का? काय बदलावं?

---

जुनंसोल्डर

घेऊ नका. ५४ पैकी साडेतेरा हजार कार्डाला, म्हणजे जेमतेम पाव हिस्सा, आणि साडेसहा हजार दिवे लावलेल्या डब्याला. गेमिंगच्या मशीनमध्ये कार्डाला ३५ ते ४० टक्के गेले पाहिजेत.

१६५० वर व्हॅलोरंट आणि जीटीए ५ चालतील. पण सायबरपंकच्या २.० आवृत्तीनंतर कंपनीने सांगितलेली किमान गरज म्हणजे जीटीएक्स १०६० सहा जीबी किंवा आरएक्स ५८० आठ जीबी, १२ जीबी रॅम आणि एसएसडी. म्हणजे हे नवंकोरं मशीन कार्डात आणि रॅममध्ये, दोन्हीकडे किमान रेषेच्या खाली आहे.

एकच स्टिक असली की मेमरी सिंगल चॅनलवर चालते, बँडविड्थ निम्मी होते. सरासरी फ्रेमरेटपेक्षा (फ्रेमरेट म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं) मोठा फटका खालच्या टोकाला बसतो. आकडा ९० दिसतो आणि हाताला झटके लागतात. ८ च्या दोन स्टिक घ्या, ३२०० च्या, सीएल१६.

नावात एफ नसलेला १२४०० कशासाठी? ऑनबोर्ड ग्राफिक्सचे जादा पैसे जातात आणि कार्ड लावल्यावर ते ग्राफिक्स नुसतं पडून राहतं.

---

हेमाडपंती

शेवटच्या मुद्द्याला एक पुस्ती. कार्ड वॉरंटीत गेलं की परत यायला आठवडे लागू शकतात. तेवढे दिवस ऑनबोर्ड ग्राफिक्स असलेल्या मशीनवर निदान अभ्यास तरी होतो. पण ५५ च्या बजेटमध्ये त्या सोयीसाठी तीनेक हजार मोजू नयेत, हे मान्य.

---

फ्रेममोजणी

कार्डाबद्दल सविस्तर लिहितो, खरा निर्णय तिथेच आहे.

आरएक्स ६६००, ८ जीबी: मार्च २०२४ मध्ये २०-२१ हजार. १०८०पीला १६५० च्या साधारण दुप्पट. १३२ वॅट, एकच ८-पिन जोड. या बजेटमध्ये डोळे मिटून हेच.

आरटीएक्स ३०५०, ८ जीबी: भाव जवळपास तोच, नुसत्या गेमिंगमध्ये ६६०० च्या बराच मागे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ३०५० चीच सहा जीबीची आवृत्ती आली आहे. नाव तेच, माल वेगळा: २५६० ऐवजी २३०४ कोअर आणि १२८ ऐवजी ९६ बिटची बस. ती ७० वॅटमध्ये भागते, बहुतेक मॉडेलना वेगळी केबल लागत नाही. म्हणून जुन्या ऑफिसच्या डब्यात घालायला ठीक. नव्या बिल्डमध्ये तिचं काम नाही. बिलावर नुसतं '३०५०' लिहू देऊ नका, किती जीबी तेही लिहून घ्या.

आरएक्स ६५०० एक्सटी: टाळा. चारच जीबी, ६४ बिट बस, व्हिडिओ एन्कोडर नाही आणि पीसीआयईच्या (कार्ड बोर्डाला जोडणारा मार्ग) फक्त चार लेन. पीसीआयई ३ च्या बोर्डावर लावलं की त्या चार लेन अजून अरुंद होतात आणि फ्रेम दिसण्याइतके पडतात.

आर्क ए७५०: ताकद ६६०० पेक्षा जास्त. पण २२५ वॅट, रिसाइझेबल बार (सीपीयूला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारी सोय) चालू नसेल तर वेग खूपच घसरतो, आणि जुन्या गेममध्ये ड्रायव्हर अजून रुसतात. पहिलंच मशीन असेल तर नको.

आरटीएक्स ३०६०, १२ जीबी: २५ हजारांच्या आसपास, १७० वॅट. ब्लेंडर रोज वापरणार असाल तरच. ब्लेंडरचा सायकल्स रेंडर एनव्हिडियाच्या कार्डावर (ऑप्टिक्स) एएमडीपेक्षा (हिप) बराच लवकर होतो. 'अधूनमधून थोडं' यासाठी ६६०० पुरे. सोबत एएमडीचा रायझन ५ ५६०० सीपीयू आणि बी४५० बोर्ड, त्याहून स्वस्त सीपीयू नको.

---

पोफळी

स्वस्त सीपीयू का नको? कोअर आय३-१२१००एफ (७,८०० च्या आसपास) आणि एच६१० (६,२००) मिळून १४ हजार. रायझन ५ ५६०० आणि बी४५० मिळून १८ च्या वर. वाचलेले चार हजार कार्डात टाकले की ३०६० बसतं. ७५ हर्ट्झच्या मॉनिटरला सीपीयूकडून ७५ च फ्रेम हव्यात, आणि तेवढे १२१००एफ आरामात देतो.

---

फ्रेममोजणी

७५ चा हिशेब व्हॅलोरंटला बरोबर आहे. सायबरपंकमध्ये भर बाजारातून गाडी काढली, गर्दीची घनता वर असली, की चार कोअर काठोकाठ भरतात. मागे ब्राउझर आणि डिस्कॉर्ड चालू असले की फ्रेमटाइमचा आलेख करवतीसारखा होतो. सरासरी ७५ च दिसते, त्यामुळे चाचणीच्या व्हिडिओत हे लक्षात येत नाही.

आणि पुढचा रस्ता बघा. ५६०० च्या एएम४ सॉकेटवर उद्या तो काढून ५७००एक्स३डी बसवता येतो. जानेवारी २०२४ अखेर आलाय, आठ कोअर, ९६ एमबी एल३ कॅश (सीपीयूतली जलद मेमरी). बोर्ड आणि रॅम तेच राहतात. १२१००एफ च्या एलजीए१७०० सॉकेटवरही तो काढून आय५ लावता येतो, ते खरंय. पण एच६१० च्या स्वस्त बोर्डांचं व्हीआरएम (सीपीयूला वीज देणारा भाग) इतकं किरकोळ असतं की मोठा सीपीयू तिथे दबून चालतो.

कार्डात चार हजार की सीपीयूत, यावर माझं मत सीपीयू. ६६०० आणि ३०६० मध्ये गेमिंगचा फरक नगण्य आहे. हेच चार हजार ६६०० वरून खरोखर वरच्या कार्डावर नेत असते तर मत बदललं असतं.

---

पोफळी

ब्लेंडर सोडलं तर पटलं. मग ५६०० ऐवजी ५५०० का नको? अजून दोनेक हजार वाचतात.

---

जुनंसोल्डर

कारण ५५०० हा खरं तर ५६००जी, ग्राफिक्स बंद करून विकलेला. एल३ कॅश ३२ ऐवजी १६ एमबी, आणि बोर्ड कुठलाही घ्या, तो पीसीआयई ३ वरच चालतो. गेमना कॅश लागते, नुसत्या मेगाहर्ट्झने भागत नाही. बजेट ४५ असतं तर ५५०० सुचवला असता.

ओघात बोर्डाचंही सांगतो. ६६०० आठ लेन वापरतं. बी४५० वर त्या पीसीआयई ३ च्या वेगाने चालतात, बी५५० वर ४ च्या. फरक बहुतेक गेममध्ये एक-दोन फ्रेमचा. कार्डाची ८ जीबी मेमरी (व्हीरॅम) भरून ओसंडली तरच जाणवतो. त्यासाठी अडीच हजार जास्त द्यायची गरज नाही. बी४५० घ्या, पण व्हीआरएमवर हीटसिंक असलेला, म्हणजे पुढे ५७००एक्स३डी लावला तरी चिंता नाही.

बी४५० घेताना एकच अडचण येते. जुन्या साठ्यातल्या बोर्डाचं बायॉस (मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) ५६०० ओळखत नाही: पंखे फिरतात, पडदा काळा. खोक्यावर 'रायझन ५००० डेस्कटॉप रेडी' हे स्टिकर बघा. नसेल तर दुकानातच बायॉस अपडेट करून द्यायला सांगा, किंवा बायॉस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या. मग पेनड्राइव्हवरून सीपीयूशिवायही काम होतं.

---

विद्युल्लता

आता त्या २,२०० च्या '५०० वॅट'कडे या. कोटेशनमधली सगळ्यात धोकादायक ओळ ती आहे, आणि बहुतेक जण ती सगळ्यात शेवटी वाचतात.

एसएमपीएसच्या कुशीवर एक तक्ता छापलेला असतो. त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर ते बघा. सीपीयू आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात. तिथे १६ अँपिअर असेल तर १६ × १२ = १९२ वॅट. बाकीचे 'वॅट' ५ आणि ३.३ व्होल्टचे, आजच्या मशीनला जवळजवळ निरुपयोगी. खऱ्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ४२ ते ४५ अँपिअर लिहिलेले असतात.

तुमचा भार: कार्ड १३२, सीपीयू पाऊणशे-ऐंशी, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ५०. साधारण २६० वॅट. चांगला ४५० सुद्धा पुरेल. ५५० घ्या म्हणजे पुढच्या कार्डाला जागा राहते. ८० प्लस ब्राँझ ही कार्यक्षमतेची पावती आहे, दर्जाची नाही. पाच वर्षांची वॉरंटी आणि ओव्हरकरंट, ओव्हरव्होल्टेज, शॉर्टसर्किट ही तिन्ही संरक्षणं लिहिलेली असतील असं मॉडेल निवडा.

तुमच्या व्होल्टेजला सगळ्यात महत्त्वाचं: त्याच तक्त्यावर वर 'एसी इनपुट' लिहिलेलं असतं. १००-२४० असेल तर १७० व्होल्टला तो निवांत चालतो, स्टॅबिलायझरही लागत नाही. पण स्वस्त ब्राँझ मॉडेलपैकी काही फक्त २००-२४० ची असतात, नावाजलेल्या कंपन्यांचीसुद्धा. तसला एसएमपीएस संध्याकाळी गेम ऐन रंगात आला की मशीन बंद पाडेल, आणि तुम्ही रॅम बदलत बसाल.

---

कोयनाकाठ

ताई, हे ठाऊक नव्हतं. इन्व्हर्टरवर चालेल का मग? आणि आत्ताच्या जुन्या पीसीच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, तो एसएमपीएसचा दोष का?

---

विद्युल्लता

मुंग्या आधी. तो अर्थिंगचा दोष आहे, आणि नवं मशीन घेऊनही तसाच राहील.

एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून कॅबिनेटला, एक न्यूट्रलपासून कॅबिनेटला. अर्थिंग असलं की त्यांच्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसलं की कॅबिनेट फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. करंट अगदी किरकोळ असतो म्हणून नुसत्या मुंग्या. पण एचडीएमआय केबल चालू मशीनला लावताना तोच करंट पोर्टमधून वाट काढतो आणि पोर्ट जाऊ शकतो.

तपासणी मल्टिमीटर एसी ७५० वर ठेवून, सवय नसेल तर वायरमनकडूनच: फेज-न्यूट्रल २३० (तुमच्याकडे जे असेल ते), फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ पाचच्या आत. फेज-अर्थ शंभराच्या घरात लटकत असेल किंवा आकडा स्थिर नसेल तर अर्थची तार कुठे पोचलेलीच नाही. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला परत पाठवा. न्यूट्रल तुटला की त्या जोडामुळे अख्ख्या कॅबिनेटमध्ये फेज येतो. नवा अर्थ पिट हाच उपाय.

आता इन्व्हर्टर. त्याच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असतं. एसएमपीएस पूर्ण भारावर वीज नसताना सुमारे १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडला इन्व्हर्टर तेवढ्यात बदली करतो, नॉर्मल मोडला सहसा नाही, मशीन रीस्टार्ट होतं. पण यूपीएस मोडची खालची मर्यादा साधारण १८० व्होल्ट असते. तुमच्याकडे संध्याकाळी १७०, म्हणजे लाइट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर जाईल आणि बॅटरी रोज खाली होईल. शिवाय इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीच्या (विजेचा वापर सुधारणारं सर्किट) एसएमपीएसशी त्याचं जमत नाही: गुणगुण, किंवा सरळ बंद.

म्हणून पीसीसाठी वेगळा लाइन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज स्वतः सांभाळणारा) यूपीएस, साधारण १४५ ते २९० व्होल्ट इनपुटचा. ६०० व्हीए म्हणजे ३६० वॅटच असतात. तुमचा भिंतीवरचा भार मॉनिटर धरून ३३० च्या आसपास, कार्डाच्या क्षणिक उसळ्या वेगळ्या. १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्या. टॉवर झाल्यावर, पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल, फक्त तोवर वीज जाता-येता गेम अपडेट लावू नका. आणि तो इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हे, थेट मेनवर लावा.

---

गिऱ्हाईक

एवढे पैसे घालण्यापेक्षा सेकंडहँडमध्ये २५ हजारांत होतं की. आरएक्स ५८० आठ जीबी सात-आठ हजारांत, झिऑन आणि एक्स९९ बोर्ड ८ हजारांत. चौदा कोअर मिळतात!

---

फ्रेममोजणी

गेमना कोअर मोजता येत नाहीत, भाऊ. ते झिऑन २०१४-१६ चे, एकेका कोअरचा वेग १२१००एफ च्या खूप खाली. बोर्ड चिनी, जुने चिपसेट उपटून नव्या पाटीवर डकवलेले, वॉरंटी शून्य. शिवाय विंडोज ११ च्या यादीत हे सीपीयू नाहीत, आणि विंडोज १० चा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ पर्यंतच.

५८० बद्दल: बाजारात फिरणाऱ्यांपैकी बरेच '२०४८एसपी' असतात, म्हणजे २३०४ ऐवजी २०४८ शेडर (कार्डातले गणना करणारे घटक). बरेच मायनिंगमधून आलेले, काहींचं बायॉस बदललेलं. एएमडीने २०२३ अखेर पोलॅरिस (५८० च्या पिढीची) कार्डं वेगळ्या ड्रायव्हर शाखेत ढकलली, नव्या गेमसाठीचं काम तिथे जवळजवळ थांबलं आहे.

तरी जुनं कार्ड घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्याच मशीनवर: जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) शेडर, मेमरी आणि बसचे आकडे कंपनीच्या पानाशी जुळवा, मग पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी). पडद्यावर ठिपके किंवा चौकोन आले तर मेमरी गेलेली. साधं तापमान आणि हॉटस्पॉट (सगळ्यात तापलेली जागा) यांत २५-३० अंशांहून जास्त अंतर असेल तर पेस्ट वाळलेली, ती बदलता येते, भाव त्या हिशेबाने पाडा. स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे आहेत का बघा. मूळ बिल असेल आणि वॉरंटी शिल्लक असेल तर थोडे जास्त मोजा.

---

हेमाडपंती

आणि एएम५ वर (एएमडीचं पुढचं सॉकेट) का जाऊ नये, हे कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच: ७६०० सीपीयू, बी६५० बोर्ड आणि डीडीआर५ मिळून मार्च २०२४ च्या भावाने सोळा-सतरा हजार जास्त पडतात. ते या बजेटमध्ये कार्डातूनच काढावे लागतील. चर्चा संपली.

कॅबिनेट तीन हजारांपर्यंतचं, समोर जाळी असलेलं. काच असेल तर ती कुशीला. पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर. बंद काचेमागे सहा पंखे लावले तरी आत यायला हवाच नसते.

एसएसडी शक्यतो टीएलसी, १ टीबी (टीएलसी आणि क्यूएलसी हे मेमरी चिपचे प्रकार). ५०० जीबीत विंडोज, जीटीए आणि सायबरपंक टाकले की अर्ध्याच्या वर जागा संपते, आणि भरत आलेली क्यूएलसी ड्राइव्ह लिहिताना रांगते.

---

कोयनाकाठ

लॅमिंग्टन रोडच्या भावांशी ताडून ही यादी काढली:

रायझन ५ ५६००: ११,८००
बी४५०एम, व्हीआरएम हीटसिंकसह, दोन रॅम स्लॉट: ६,३००
८ × २ डीडीआर४ ३२००: ३,७००
आरएक्स ६६००: २०,५००
१ टीबी एनव्हीएमई, टीएलसी: ५,६००
५५० वॅट ब्राँझ, इनपुट १००-२४०: ४,१००
जाळीचं कॅबिनेट, तीन पंखे: ३,२००
एकूण ५५,२००

दोनशे वर गेलं, चालेल. असेंब्ली घरीच करायची आहे. कुठे चुकतं ते सांगा.

---

जुनंसोल्डर

यादी उत्तम. चुकण्याच्या जागा क्रमाने:

सीपीयू, रॅम आणि एसएसडी बोर्डावर बाहेरच, बोर्डाच्या खोक्यावर ठेवून लावा. ५६०० च्या पोटाला पिना असतात. सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर आणा, सीपीयू स्वतःच्या वजनाने बसतो. दाबायचा नाही. एकदम दाब लागतोय म्हणजे पिन वाकतेय.

सोबत येणारा रेथ स्टेल्थ कूलर लावायला बोर्डावरचे दोन प्लॅस्टिकचे कंस काढावे लागतात. ते काढले की मागची धातूची पट्टी सुटून खाली पडते. ती फेकायची नाही, स्क्रू तिच्यातच जातात. पेस्ट कूलरला आधीच लावलेली असते, वेगळी नको. चारही स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने, थोडेथोडे आवळा. पुढे कधी कूलर काढायचा झाला तर आधी मशीन पाचदहा मिनिटं तापवा, बंद करा आणि हळू पिळत काढा. गार असताना सरळ ओढला तर सीपीयू पिनांसकट सॉकेटमधून उपटून येतो.

एसएसडीचा चिमुकला स्क्रू बोर्डाच्या खोक्यात पुडीत असतो, पुडी आधी शोधा. आयओ शील्ड (मागच्या पोर्टांभोवतीची पत्र्याची चौकट) बोर्डाच्या आधी. कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या भोकांशी जुळवा. एखादा भलत्या जागी राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो.

सीपीयूची ८-पिन ४+४ असते, कार्डाची ६+२. दोन्ही वेगळ्या, जोर लावून अदलाबदल करू नका. मॉनिटरची केबल कार्डाला. ५६०० ला ग्राफिक्स नाही, बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीच येणार नाही. 'मशीन डेड आहे' म्हणून येणाऱ्या तक्रारींत ही नेहमीची.

पडदा काळाच राहिला तर: रॅम काढून पुन्हा क्लिक होईपर्यंत बसवा, मग एकच स्टिक लावून बघा, मग सीपीयूची ८-पिन, मग सीमॉस क्लिअर (बायॉसची सेटिंग पुसणं).

---

फ्रेममोजणी

विंडोज टाकण्याआधी बायॉसमध्ये: एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वर चालत राहील. सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करणं) बंद, अबव्ह ४जी डिकोडिंग आणि रिसाइझेबल बार चालू. एफटीपीएम आणि सिक्युअर बूट (दोन्ही सुरक्षेच्या सोयी) चालू. विंडोज ११ वर व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड (चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर) या दोन्हींशिवाय गेम उघडतच नाही. सीएसएम आधीच बंद ठेवला की ड्राइव्ह जीपीटी (नव्या पद्धतीने विभागलेली) होते. नंतर बंद केला तर जुन्या पद्धतीने टाकलेली विंडोज बूट होत नाही.

७५ हर्ट्झला गेममध्ये फ्रेमची मर्यादा ७२ ठेवा, कार्ड गार आणि पंखे शांत राहतील. मॉनिटरला फ्रीसिंक (पडद्याचा वेग फ्रेमशी जुळवणारी सोय) असेल तर चालू करा.

---

कोयनाकाठ

बोर्डाला रॅमचे दोनच स्लॉट आहेत. चार असले तर दुसरा आणि चौथा असं वाचलं होतं.

---

जुनंसोल्डर

दोनच असतील तर दोन्हीत एकेक, डुअल चॅनल आपोआप होतं. फक्त विकत घेताना दोन सुट्या स्टिकऐवजी एका पाकिटातली जोडी मागा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या स्टिकच्या आत चिप वेगळ्या निघाल्या की एक्सएमपी लावल्यावर अडखळतात. आणि पक्क्या जीएसटी बिलावर कार्ड, बोर्ड, एसएमपीएस यांचे सिरीयल नंबर काउंटरवरच खोक्याशी ताडून घ्या. कार्डाच्या खोक्यावरचा नंबर आणि आतल्या कार्डावरचा नंबर वेगळा असेल तर ते तिथेच परत करा.

---

विद्युल्लता

आणि एसएमपीएसचा तक्ता दुकानातच वाचा. आधी इनपुटची ओळ, मग १२ व्होल्टचा रकाना. एकाच मॉडेलच्या २३० व्होल्टवाल्या आणि फुल रेंज अशा दोन आवृत्त्या असतात, खोकी जवळपास सारखीच दिसतात.